पुट्टी आधी की प्रायमर? जुनी खोली घरच्या घरी रंगवण्याचा नेमका क्रम

रंग मारून वर्षही होत नाही, तोवर कपाटामागे पोपडे सुटतात. खिळा ठोकला की तळहाताएवढी पापडी गळून पडते. दोष रंगाच्या डब्याला दिला जातो, पण पापडी उचलून मागची बाजू पाहिली तर बहुतेक वेळा रंगासोबत पुट्टीही (रंगाआधी भिंत सपाट करायला ओढलेला लेप) निघालेली असते आणि भिंतीवर जुना गुळगुळीत रंग तसाच शाबूत असतो. म्हणजे नवा रंग पुट्टीला धरून होता, पुट्टीनेच जुन्या रंगाला धरलं नव्हतं. आधीपासून रंगवलेली खोली पुन्हा रंगवताना सर्वांत जास्त चुकतं ते इथं, म्हणून या लेखात रंगापेक्षा त्याच्या खालच्या थरांबद्दल जास्त आहे.

हिशेबासाठी १० × १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली धरली आहे. चार भिंती मिळून ४१८ चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा केली की साधारण ३८० उरतात. छत १२० चौरस फूट.

## सामान

- स्क्रॅपर, आणि पुट्टीचे दोन पत्रे: एक ४ इंची, एक ८ इंची
- पॉलिश पेपर: ८०, १२०, १८० आणि ३२० नंबरचे, प्रत्येकी पाच-सहा
- ९ इंची रोलर (मध्यम केसांचा), त्याचा दांडा आणि ट्रे
- कटिंगसाठी (कोपरे आणि कडा रंगवायला) २ किंवा अडीच इंची ब्रश
- मास्किंग टेप, जुन्या चादरी, प्लॅस्टिक, दोन बादल्या, मास्क, चष्मा, रबरी हातमोजे
- पाण्याचा प्रायमर (रंग भिंतीला धरावा म्हणून त्याच्याखाली द्यायचा थर): भिंतींसाठी ४ लिटर
- ॲक्रिलिक पुट्टी (तयार, मलमासारखी): डागडुजीसाठी ५ किलो
- इमल्शन (भिंतीचा, पाण्यात मिसळणारा रंग): मध्यम दर्जाचं असेल तर दोन हातांना (थरांना) लिटरमागे ६० ते ७० चौरस फूट धरा. भिंतींना ६ लिटर. छताचा पांढरा रंग २ लिटर.

छत रंगवायचं असेल तर प्रायमरही लिटरभर जास्त घ्या. ब्रशवर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. स्वस्त ब्रशचे केस ओल्या रंगात चिकटून राहतात आणि ते उपटताना कटिंगची रेघ बिघडते.

## १. भिंतीवर काय आहे ते ओळखा

दुकानात जाण्याआधी चार चाचण्या करा. त्यांचं उत्तर मिळेपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

ओलं फडकं. भिंतीवर ओलं फडकं जोरात घासा. फडक्याला रंग किंवा पांढरी भुकटी लागली तर भिंतीवर चुना किंवा डिस्टेंपर आहे. त्यावर काहीच टिकणार नाही, सगळं उतरवावं लागेल.

स्पिरिटचा बोळा. फडकं स्वच्छ निघालं तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकाच जागी अर्धा मिनिट घासा. रंग मऊ पडून बोळ्याला लागला तर इमल्शन आहे. काहीच झालं नाही आणि भिंत चकाकते, तर ऑइलपेंट. जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात आणि जिन्यात हा हमखास सापडतो.

चिकटपट्टी. ब्लेडने भिंतीवर फुली मारा, तिच्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीसोबत रंगाच्या पापड्या आल्या तर जुना थर आधीच सुटलेला आहे. अशी तपासणी प्रत्येक भिंतीवर निदान दोन ठिकाणी करा. एक जागा खिडकीखालची असू द्या.

टकटक. बोटाच्या पेराने भिंत ठोकत चला. भरीव आवाज ठीक. ढबढब वाजलं तर तिथला गिलावा विटेपासून सुटला आहे. तेवढ्या भागावर पेन्सिलीने गोल करा. बॉलपेन किंवा स्केचपेन नको, त्याची शाई इमल्शनच्या दोन हातांतूनही वर येते.

## २. ओल असेल तर इथंच थांबा

फूटभर लांबी-रुंदीचं प्लॅस्टिक भिंतीला लावून चारही कडा टेपने बंद करा. २४ तासांनी काढा. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा मागची भिंत काळपट झाली तर भिंतीत ओल आहे. प्लॅस्टिकवर फक्त खोलीकडच्या बाजूने दव असेल तर ती हवेतली ओल आहे, भिंतीतली नव्हे.

ओल कुठून येते ते तिच्या जागेवरून बरंचसं कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल आणि पांढरा लोणा (भिंतीवर फुलणारा क्षार) धरला असेल तर पाणी घराच्या पायातून चढतंय. छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्ची किंवा वरचं बाथरूम. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपी उतरत असेल तर बाहेरच्या भेगा किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीची फट. तुमच्याच बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर असेल तर टाइल्समधले सांधे आणि नळाची जोडणी आधी तपासा.

आतून 'डॅम्प प्रूफ' रंगाचे दोन हात देऊन हे मिटत नाही. पाणी आत येतच राहतं, त्याला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ते थरच भिंतीवरून ढकलून देतं. गळती मूळ जागी बंद करा, तीन-चार आठवडे भिंत उघडी ठेवून वाळू द्या आणि प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जातो.

काळी बुरशी असेल तर एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने पुसा.

सावधान: ब्लीचमध्ये ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियाचं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला.

कोकणात गणपतीसाठी ऐन श्रावणात घर रंगवायची पद्धत आहे, आणि ती काही लेख वाचून थांबणार नाही. निदान बाहेरच्या बाजूची भिंत त्या वेळी सोडा. आतल्या भिंती केल्यात तरी प्रत्येक थराला खाली दिलेल्यापेक्षा दुप्पट वेळ द्या.

## ३. खोली मोकळी करा

सामान बाहेर किंवा मधोमध. भिंतीपासून तीन फूट मोकळे हवेतच, नाहीतर घडवंची उभी राहत नाही. फरशीवर आधी प्लॅस्टिक, त्यावर चादर. नुसत्या प्लॅस्टिकवर पाय घसरतो, नुसत्या चादरीतून रंग झिरपतो.

स्विचबोर्डवर टेप चिकटवून काम भागवू नका. एमसीबी बंद करा, टेस्टरने वीज नाही याची खात्री करा आणि बोर्डाच्या प्लेटचे स्क्रू सोडवून प्लेट काढा. उघड्या तारांवर टेप लावा. रंग प्लेटच्या मागे अर्धा इंच गेला की कडा आपोआप स्वच्छ दिसते. छताचा पंखाही एमसीबीवरूनच बंद ठेवा. रेग्युलेटर शून्यावर ठेवला म्हणजे पंखा बंद, असं धरून घडवंचीवर चढू नका.

## ४. खरवडणं

नियम एकच: जे सुटतं ते सगळं काढा, जे घट्ट आहे ते राहू द्या.

चुना किंवा डिस्टेंपर असेल तर भिंत ओली करा, दहा मिनिटं थांबा आणि स्क्रॅपरने उतरवा. वरून खाली तीन-तीन फुटांचे पट्टे घ्या. शेवटी ओल्या स्पंजने पुसा. पुसलेल्या भिंतीवर कोरडा तळहात फिरवल्यावर हाताला काही लागता कामा नये.

इमल्शन असेल तर पोपडे काढा आणि उरलेली भिंत १२० नंबरच्या पेपरने घासून चकाकी मारा. पोपड्याच्या कडा पायरीसारख्या उभ्या राहतात, त्या उतरत्या होईपर्यंत ८० नंबरने घासा. हे टाळलंत तर रंगानंतर दिवसाउजेडात नकाशा दिसतो.

ऑइलपेंटही असाच घासायचा, पण कोरडा नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या धुळीत शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटर पेपरने (ओला चालणाऱ्या पॉलिश पेपरने) घासा आणि राड ओल्या फडक्याने गोळा करा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नकोत.

तपासणी: सगळं झाल्यावर भिंत साबणाच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने. स्वयंपाकघराच्या भिंतीला हे दोनदा. तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळले तर तो आहे. किमान एक रात्र वाळू द्या.

## ५. भेगा आणि खड्डे

केसासारख्या बारीक भेगेवर नुसती पुट्टी ओढली तर ती महिन्याभरात पुन्हा उघडते, कारण भेगेच्या आत पुट्टी गेलेलीच नसते. स्क्रॅपरच्या टोकाने भेग इंग्रजी 'व्ही'सारखी ३ ते ५ मिलिमीटर उघडा, धूळ ब्रशने काढा आणि ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. ते वाळताना आत बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पातळ हात.

सिमेंटचा कॉलम आणि विटेची भिंत जिथं मिळतात तिथं सरळ उभी भेग पडते. दोन्ही वेगवेगळे आकुंचन पावतात, त्यामुळे तिथं नुसतं फिलर पुरत नाही. फिलरवर दोन इंची फायबरची जाळीदार पट्टी लावून वर पुट्टी ओढा. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, आतून नाणं जाईल एवढी तिरपी भेग मात्र रंगाचं काम नव्हे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. पुढे सरकली तर इंजिनिअरला दाखवा.

ढबढब वाजणारा गिलावा छिन्नीने भरीव आवाज येईपर्यंत काढा. जागा ओली करून १:४ सिमेंट-वाळूने भरा आणि आठवडाभर पाणी मारा. खरं तर नव्या गिलाव्याला रंगाआधी २८ दिवस द्यायला हवेत. तेवढा वेळ नसेल तर तो तुकडा तसाच सोडा, बाकीची खोली रंगवा आणि त्याला नंतर हात घाला. अशा जागी पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) भरण्याची सवय फार आहे, कारण ते अर्ध्या तासात घट्ट होतं. बाहेरच्या भिंतीत किंवा बाथरूमच्या पाठीला पीओपी ओल पिऊन फुगतं, हे लक्षात ठेवा.

## ६. पुट्टी: सगळी गफलत इथं

बाजारात दोन पुट्ट्या आहेत आणि त्यांचं काम वेगळं आहे.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पिशवीत, पावडर रूपात येते. तिला उघडा गिलावा लागतो. सिमेंट गिलाव्याच्या छिद्रांत शिरून घट्ट होतं. रंगवलेल्या भिंतीवर छिद्रंच बंद असतात, म्हणून ती वाळल्यावर पापडीसारखी उभी राहते. पहिल्या परिच्छेदातली पापडी हीच.

ॲक्रिलिक पुट्टी डब्यात तयार येते. ती जुन्या, घासलेल्या, प्रायमर दिलेल्या रंगावर बसते. ओल मात्र तिला सोसत नाही.

म्हणून क्रम असा:

- सगळा रंग उतरवलेली किंवा नवी भिंत: सिमेंट पुट्टी दोन हात → घासणं → प्रायमर → रंग दोन हात.
- जुनं घट्ट इमल्शन असलेली भिंत: घासणं → प्रायमर → जिथं खड्डे-भेगा तिथंच ॲक्रिलिक पुट्टी → घासणं → पुट्टीच्या जागांवर पुन्हा प्रायमर → रंग दोन हात.
- ऑइलपेंट: ओलं घासणं → ऑइल प्रायमर → एक दिवस वाळणं → ॲक्रिलिक पुट्टी → घासणं → पुट्टीच्या जागांवर प्रायमर → रंग.

'पुट्टी आधी की प्रायमर' या वादात दोन्ही बाजू बरोबर असतात. फक्त दोघांची भिंत वेगळी असते.

सिमेंट पुट्टी भिजवताना १ किलोला ३५० ते ४०० मिली पाणी. बादलीत पाणी आधी, पावडर थोडी थोडी वरून. उलट केलं की गुठळ्या होतात. दहा मिनिटं फेटा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा फेटा. पत्र्यावर घेऊन तिरपी धरली तर घसरू नये, इतपत घट्ट. दोन तासांत संपेल एवढीच भिजवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पाणी घालून ती मऊ करू नका. मऊ होते, पण नंतर हाताला भुकटी लागते. चारही भिंतींना दोन हात द्यायचे तर ४० किलोची एक पिशवी पुरते.

भिंत आधी पाण्याने हलकी ओली करा. पाणी वाहता कामा नये. पहिला हात खालून वर ओढा, पत्रा भिंतीशी साधारण ३० अंशात ठेवून. दुसरा हात पहिल्याच्या आडवा. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. खोल खड्डा एकाच दमात भरायला गेलात तर मध्ये तडा जातो. दोन हातांत निदान चार तासांचं अंतर ठेवा, शेवटच्या हातानंतर रात्र जाऊ द्या.

ॲक्रिलिक पुट्टीला भिंत कोरडी हवी. ती आहे तशीच वापरा, फार घट्ट वाटली तर किलोला चमचा-दोन चमचे पाणी पुरे.

## ७. घासणं

पहिल्या हातानंतर १८०, शेवटच्या हातानंतर ३२०. पेपर हातात धरू नका, लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी घासलं तर बोटांच्या ओळीत चर पडतात.

कुठं घासायचं हे दिवसा दिसत नाही. रात्री खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरा. उंचवट्यांच्या लांब सावल्या पडतात. तिथं पेन्सिलीने खूण करा आणि सकाळी फक्त तेवढंच घासा. हे दहा मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात आणि मग ट्यूबलाइटखालची भिंत रोज डोळ्यांत खुपते.

तपासणी: घासल्यावर धूळ आधी मऊ कुंच्याने, मग किंचित ओल्या फडक्याने काढा. काळ्या कपड्याची बाही भिंतीवर फिरवा. पांढरी झाली तर पुन्हा पुसा. धुळीवर दिलेला प्रायमर धुळीलाच चिकटतो.

## ८. प्रायमर

पाण्याच्या प्रायमरमध्ये बहुधा तेवढंच पाणी घालायला सांगतात, पण प्रमाण कंपनीगणिक बदलतं. डब्यावरचं प्रमाण पाळा, आणि अंदाजाने नव्हे तर मापाने. पाणी जास्त झालं की भिंत ते पिऊन टाकते, वर काहीच राहत नाही आणि रंगाचा तिसरा हात द्यावा लागतो.

प्रायमर वाळल्यावर भिंत एकसारखी मंद पांढरी दिसायला हवी. कुठे काळपट, कुठे चकाकणारी दिसली तर काळपट जागी भिंत जास्त शोषतेय, तिथं एक हात आणखी. चहाचे किंवा जुन्या गळतीचे पिवळे डाग पाण्याच्या प्रायमरमधून वर येतातच. तेवढ्या डागावर ऑइल प्रायमरचा एक हात द्या.

शेडचा नमुना पाहायचा तर आत्ता. जुन्या पिवळ्या भिंतीवर पाहिलेली शेड पांढऱ्या प्रायमरवर वेगळी दिसते. दोन फूट लांब-रुंद चौकोन रंगवा, सकाळी आणि दिवे लागल्यावर पाहा.

## ९. रंगाचे दोन हात

आधी छत, मग भिंती. छताचे थेंब भिंतीवर पडतात, उलट होत नाही.

भिंतीचे सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळा. मशीनने केलेल्या शेडमध्ये डब्याडब्यात किंचित फरक असतो. भिंतीच्या मधोमध डबा बदलला तर तो फरक रेघ होऊन दिसतो. साधारण १ लिटर रंगाला ४०० ते ६०० मिली पाणी, पण डब्यावरचं प्रमाण शेवटचं. दोन्ही हातांना पाणी सारखंच घाला. नंतर रंग पातळ सुती कापडातून गाळा.

नव्या रोलरवर मास्किंग टेप गुंडाळून ओढून काढा, सुटे केस निघून जातात. मग रोलर पाण्यात भिजवून घट्ट पिळा.

कटिंग म्हणजे कोपरे, छताची कड आणि चौकटीभोवती ब्रशने तीन इंचांचा पट्टा. हा पट्टा एका भिंतीचाच करा आणि लगेच ती भिंत रोलरने भरा. आधी चारही भिंतींचं कटिंग करून ठेवलं तर पट्टा वाळतो, त्यावर रोलर चढतो आणि भिंतीभोवती गडद चौकट उमटते.

रोलर ट्रेच्या उतारावर फिरवून जास्तीचा रंग काढा. तीन फुटांच्या चौकोनात आधी तिरपे मारा, मग आडवे फिरवून पसरवा आणि शेवटी न दाबता, वरून खाली एकाच दिशेने हात फिरवा. पुढचा चौकोन आधीच्या ओल्या कडेवरूनच सुरू करा. भिंत अर्धी टाकून जेवायला उठू नका. एक भिंत एका दमात. पंखा या वेळी बंदच असू द्या, वाऱ्याने कड वाळते आणि सांधा दिसतो.

पहिला हात ठिपकेदार, फिका, अगदी वाईट दिसतो. घाबरून त्यावर जाड रंग ओढू नका. चार तास थांबा. मधेच कुठे कण चिकटला असेल तर ३२० ने हलका घासून पुसा आणि दुसरा हात द्या. टेप दुसरा हात ओला असतानाच, ४५ अंशात, सावकाश ओढा. वाळल्यावर ओढली तर रंगाची कड फाटते.

सावधान: राहून गेलेली जागा दिसली म्हणून वाळत आलेल्या रंगावर ब्रशचा ठिपका देऊ नका. पूर्ण वाळल्यावर, त्याच रोलरने.

## १०. रंगानंतर

बोर्डाच्या प्लेटा दुसऱ्या दिवशी बसवा. कपाट भिंतीला टेकवू नका, दोन इंच जागा सोडा. भिंत पुसायची तर निदान दोन आठवडे थांबा. एवढे दिवस इमल्शन हाताला कोरडं लागतं, पण आतून पक्कं झालेलं नसतं.

रोलर धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. बादली रात्रभर ठेवा, गाळ खाली बसतो, तो कागदावर घेऊन वाळवा आणि कचऱ्यात टाका. उरलेला पाणी न घातलेला रंग काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरा. डब्यातल्या हवेनेच वर साय धरते. बरणीवर शेडचा कोड, कोणत्या खोलीचा आणि तारीख लिहून चिकटवा. खिळ्याची जागा किंवा सोफ्याचा ओरखडा भरायला हाच रंग लागतो, आणि दुकानदार नुसत्या 'फिकट आकाशी'वरून तो पुन्हा बनवून देऊ शकत नाही.